ब्रॉनीच्या नावासमोरची नोंद

त्या वर्षी ओढ्याकाठची अफू जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वाळली. बोंड कानाशी धरून हलवलं की आत खसखस वाजत होती. म्हणजे कापणीला तयार. पण रेडिओवर शुक्रवारी दुपारनंतर पाऊस सांगितला होता. वाळल्या बोंडावर पाऊस पडला की ते काळं पडतं, आणि काळं बोंड औषध कंपनीला चालत नाही.

मंगळवारी सकाळी रस मॅगॉवन त्याचं हार्वेस्टर घेऊन आला. दरवर्षी तोच येतो. फाटकाशी यंत्र थांबवून तो खाली उतरला आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागला. रस डोकं खाजवायला लागला की बातमी वाईट असते.

"क्लेम, आमच्या ट्रॅक्टरवाल्यानं मनगट मोडून घेतलंय. काल दुचाकीवरून पडला."

"मग ट्रॉली कोण ओढणार?"

"तेच म्हणतोय. तू ओढ."

"मी ट्रॉलीवर बसलो तर कडेनं फावडं कोण मारेल? तुझी आजी?"

"माझी आजी तुझ्यापेक्षा बरं मारायची," रस म्हणाला.

माझी मुलगी ब्रॉनी तेव्हा अंगणात धुणं वाळत घालत होती. तिनं चिमटा तोंडातून काढला आणि म्हणाली, "मी चालवते."

अफूच्या शेतात कुणीही उठून जायचं नसतं. आमच्या टास्मानियात हे पीक परवान्यावर होतं. फाटकावर कवटीची पाटी असते, आणि आत कोण कोण काम करणार त्याची यादी कंपनीला आधी द्यावी लागते. यादीतल्या प्रत्येकाची पोलीस चौकशी होते. ब्रॉनीचं नाव यादीत नव्हतं. घातलं असतं तरी राहिलं नसतं. अफूपासूनच बनणाऱ्या पाठदुखीच्या गोळ्यांनी सुरुवात करून ती दोन वर्षं त्या नशेत होती. मागच्या मे महिन्यात शाळेच्या दारात गाडीत बेशुद्ध सापडली. मागच्या सीटवर माझी नात पिप पट्टा लावून बसलेली, आईला हाका मारत. त्याच दिवशी बालकल्याण खात्यानं पिपला नेलं. ब्रॉनी जुलैत उपचारांना गेली, ऑक्टोबरात परत आली. तेव्हापासून दर आठवड्याला खात्याचा निरोप आला की दवाखान्यात जाऊन बाटलीत लघवी करून द्यायची. चौदा बाटल्या स्वच्छ निघाल्या होत्या. एकोणीस फेब्रुवारीला न्यायालयात तारीख होती. त्या दिवशी पिप घरी यायची की नाही ते ठरणार होतं.

"तुझं नाव यादीत नाही," मी म्हणालो.

"ट्रॅक्टर मी बारा वर्षांची असल्यापासून चालवतेय, बाबा."

"ते नाही म्हणत मी."

"मला माहीत आहे तुम्ही काय म्हणताय," ती म्हणाली. "मी बोंडं खाणार नाहीये. ट्रॅक्टर चालवणार आहे."

रस आभाळाकडे बघत म्हणाला, "कंपनीचा लिंडन रविवारीच तपासणी करून गेला. आता आठवडाभर फिरकायचा नाही."

मी पश्चिमेकडे पाहिलं. डोंगरावर अजून काही नव्हतं. मी किल्ली ब्रॉनीच्या हातात दिली.

तीन दिवस आम्ही कापत होतो. रसचं यंत्र बोंडं खुडत पुढे, ब्रॉनी ट्रॉली घेऊन त्याच्या बाजूनं, मी मागे फावडं आणि दाताळं घेऊन. आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या केबिनचं दार दोन हंगामांपूर्वी निखळलं होतं, ते बसवायचं राहून गेलं होतं. माझी बायको नोएलीन असती तर तिनं माझ्या मागे लागून बसवून घेतलं असतं. यंत्रातून राखाडी धूळ उडायची ती थेट ब्रॉनीवर. दुपारपर्यंत तिच्या भुवया दिसेनाशा व्हायच्या. ट्रॉली भरत आली की ती आत उतरून कमरेपर्यंत बोंडांत शिरायची आणि पायांनी ढीग सपाट करायची. तोंडाला बांधलेला रुमाल घामानं चिकटायचा, मग ती तो ओढून गळ्यात घ्यायची.

"रुमाल वर घे," मी ओरडायचो.

"गुदमरायला होतं!"

जेवताना ती पाण्यानं चूळ भरून थुंकली. "कडू लागतंय सगळं. पावसुद्धा कडू."

"धूळ आहे," मी म्हणालो.

गुरुवारी दुपारी तिचं डोकं जड झालं. जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, ऊन फार होतं. ती झाडाखाली अर्धा तास पडली आणि परत उठून बसली. त्या तीन दिवसांत ती जितकी बोलली तितकी वर्षभरात बोलली नव्हती. रस तिची चेष्टा करायचा, ती त्याची करायची. त्याच्या यंत्राला ती म्हातारी गाय म्हणायची.

शुक्रवारी अकरा वाजता तिच्या फोनवर निरोप आला, आज चार वाजेपर्यंत चाचणीला या. तीनच फेऱ्या राहिल्या होत्या. तिनं त्या पुऱ्या केल्या, तोंड धुतलं आणि त्याच कपड्यांत गाडी काढून गेली. चार वाजता पाऊस आला तेव्हा शेवटची ट्रॉली गोठ्याच्या छपराखाली होती. रसनं माझ्या पाठीवर थाप मारली. ब्रॉनी परत आल्यावर आम्ही तिघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. मला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

रोवीना टील पुढच्या आठवड्यात सोमवारी आली. पिपची केस तिच्याकडे होती. तिशीची, उंच, चष्मा लावणारी बाई. आधीच्या दोघी सोडून गेल्या होत्या. ही पाच महिने टिकली होती. एरवी ती आली की बूट दारात काढायची. त्या दिवशी बूट न काढताच स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर संगणक उघडला.

"ब्रॉनी, बस," ती म्हणाली. "शुक्रवारची चाचणी आली आहे. मॉर्फिन निघालंय."

ब्रॉनी हसली. खरंच हसली. मग तिनं रोवीनाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाटल्या बदलल्या असतील."

"नाही बदलल्या. दोनदा तपासलंय."

"मी काही घेतलेलं नाही."

"ब्रॉनी, मी तुझ्या विरोधात नाही. पण मला नोंद करावी लागली." तिनं संगणक आमच्याकडे वळवला. पडद्यावर रकाने होते. एका रकान्यात लिहिलं होतं, पालकाचे अमली पदार्थांचे सेवन. त्यापुढे, हो. तारीख शुक्रवारची. त्याखाली मे महिन्यातल्या गाडीची जुनी नोंद, तिच्यापुढेही हो.

"हे न्यायालयात जाणार?" मी विचारलं.

"सगळंच जातं. मी नाही पाठवलं तरी तिथून ते बघू शकतात."

"आणि पुसता येतं?"

"इथलं काही पुसता येत नाही, मिस्टर बॅसेट."

ब्रॉनी उठली, नळापाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या मानेवर अजून बारीक ओरखडे होते. बोंडांच्या काड्यांचे. ते मला दिसत होते, आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की पोरीनं परत घेतलं.

रोवीनानं विचारलं, "त्या आठवड्यात घरात काही झालं होतं का? भांडण? कुणी भेटायला आलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "कापणी चालली होती."

"ब्रॉनी काय करत होती?"

ब्रॉनी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "घरीच होती."

यादी माझ्या डोळ्यांपुढे होती. ब्रॉनीनं परत मान वळवली.

रोवीना गेल्यावर मी ब्रॉनीची खोली उचकटली. कपाट, बुटांचे खोके, न्हाणीघरातली पाण्याची टाकी. ती दारात येऊन उभी राहिली.

"गादीखाली बघितलंत का? पूर्वी तिथं ठेवायचे."

मी गादी उचलून पाहिली.

"पडद्याच्या शिवणीतपण बघा. आईनं शिवलेली आहे, जपून उसवा."

मी थांबलो. काही सापडलं नव्हतं. मी तिच्या पलंगावर बसलो, ती तशीच दारात.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, तिलाही नाही. नोएलीनच्या शेवटच्या महिन्यांत तिला दुखणं थांबवायला मॉर्फिनचं सरबतासारखं औषध असायचं. मी चमच्यानं पाजायचो. एप्रिलात एके दिवशी ते चमच्यातून पाण्यासारखं सांडलं. मी बोट लावून चाखलं. पाणीच होतं, थोडी कडवट चव असलेलं. त्या आठवड्यात नोएलीन कण्हत होती आणि मी तिला म्हणत होतो, आत्ताच दिलंय ना औषध, थोडा धीर धर. मी नवी बाटली आणली आणि खिशात ठेवायला लागलो. ब्रॉनीला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला घराबाहेर काढावं लागलं असतं, आणि नोएलीनला ती घरात हवी होती. जूनमध्ये नोएलीन गेली. तेव्हापासून मी ब्रॉनीशी बोलायचो ते भाजी, ट्रॅक्टर आणि हवामान यांविषयी.

"तुमचाही विश्वास नाही," ब्रॉनी म्हणाली.

ती अंगणात निघून गेली.

रोवीनानं प्रयोगशाळेचा कागद टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी तो वाचला. आकडे मला कळत नाहीत. वर मॉर्फिन होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक नाव होतं, थिबेन. अगदी थोडं.

तो शब्द मी वर्षातून चार वेळा तरी वाचतो. बोंडांत काय किती निघालं त्याचं पत्र कंपनी पाठवते, त्यात मॉर्फिनच्या शेजारी हाच असतो. गोळीत थिबेन नसतं, औषधाच्या बाटलीत नसतं. ते झाडात असतं. कंपनीच्या माणसानंच एका सभेत आम्हाला हे सांगितलं होतं.

मी कप खाली ठेवला. केबिनचं दार, कडू पाव, गुरुवारचं जड डोकं, सगळं एकदम समोर आलं. मी तिला त्या धुळीत तीन दिवस बसवलं होतं. आणि वर तिची गादी उचलून पाहिली होती.

मी रसकडे गेलो. तो यंत्राखाली उताणा पडून पट्टा बदलत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं फक्त डोकं बाहेर काढलं.

"म्हणजे मी मुतलो तरी तेच निघेल म्हणतोस?"

"तुझी केबिन बंद असते. पण माझ्यासारखा उघड्यावर असला तर निघेल."

"मग जाऊन सांग की त्या बाईला."

"सांगायचं तर ब्रॉनी ट्रॅक्टरवर होती हे सांगावं लागेल."

रस पूर्ण बाहेर आला. हात पुसत बसला. "क्लेम, तुझा परवाना जाईल. तिला तू आत सोडलंस, नाव न देता, आणि तीही कोण, तर जिच्यावर अमली पदार्थांची नोंद आहे. आणि यंत्र माझं होतं, म्हणजे माझ्याही गळ्याशी."

"तुझं नाव घेणार नाही मी."

"हो का! मग यंत्र काय आपोआप चाललं?" तो हसला. मग म्हणाला, "नोएलीननं काय केलं असतं?"

"तिनं यादीशिवाय किल्लीच दिली नसती."

"तेही खरंच." त्यानं पट्टा उचलला. "घे माझं नाव. मला ताकीद देतील. दुसरं यंत्र आहे कुणाकडे इथं?"

पण नुसत्या माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार, हे मला कळत होतं. बाप मुलीसाठी खोटं बोलतोच. वरच्या टेकाडावरची अफू अजून उभी होती, ती पुढच्या आठवड्यात कापायची होती. रसचा ट्रॅक्टरवाला अजून प्लास्टरमध्येच होता. मी त्याच ट्रॅक्टरवर बसलो, दाराशिवाय. रुमाल बांधला नाही. ट्रॉली भरली की तिच्यात उतरून कमरेपर्यंत बोंडांत चाललो. अडुसष्टाव्या वर्षी ट्रॉलीच्या कडेवर पाय टाकायचा म्हणजे आधी गुडघ्याची परवानगी घ्यावी लागते. तिसऱ्या दिवशी पाणी कडू लागायला लागलं. मला आनंद झाला.

ब्रॉनी फाटकाबाहेरून बघत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. "बाबा, तोंडाला बांधा ना काहीतरी," ती ओरडली. मी हात हलवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. कॉलीन नावाची परिचारिका तिथं वीस वर्षं आहे. नोएलीनला इंजेक्शन द्यायला ती घरी यायची.

"तुला कशाला हवी ही चाचणी?" तिनं विचारलं.

"ब्रॉनीची जिथं तपासतात तिथंच पाठव. सगळं तसंच. दारात उभं राहायचं असेल तर तेही कर."

"उभं राहावंच लागतं," ती म्हणाली.

दार अर्धं उघडं, ती बाहेर, मी आत बाटली धरून. माझ्या वयात एरवीच वेळ लागतो. त्यात बाई दारात. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"नळ सोडू का?"

"सोड."

"थोडं पाणी पितोस?"

"तीन पेले झालेत."

"ब्रॉनीला दर आठवड्याला हे करावं लागतं," ती दाराबाहेरून म्हणाली. "आणि तुरुंगातल्या बायकांना तर समोर उभं राहून बघतात."

मी भिंतीकडे बघत राहिलो. शेवटी झालं. बाटलीवर सही करताना माझा हात ओला होता. कॉलीननं कागद पुढे केला.

निकाल तेरा फेब्रुवारीला आला. मॉर्फिन निघालं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात थिबेन. आकडा ब्रॉनीपेक्षा थोडा कमी होता.

मी कागद ब्रॉनीपुढे ठेवला. ती ओट्याशी बटाटे सोलत होती. तिनं दोनदा वाचला. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही नशा करता?"

"कधीमधी."

तिला हसू आवरेना. ती ओट्याला धरून हसली, आणि मग हसता हसता रडली. मी बटाटे सोलायला घेतले.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"कापणी होती. कुणीतरी बसायलाच हवं होतं."

"यादीचं काय?"

"ते सांगायला उद्या जायचं आहे. तूही चल."

रोवीनाच्या कार्यालयात खिडकी नव्हती. टेबलावर संगणकाचे दोन पडदे होते आणि कोपऱ्यात खेळण्यांची टोपली. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं. तिनं दोन्ही वाचले.

"बोंडांचा काढा करून प्यायला तरी हेच निघेल," ती म्हणाली. "हे मला विचारावंच लागेल. इथं लोक करतात."

"मीही प्यायलो म्हणता?"

"तुमचं नाही म्हणत. ब्रॉनीचं कशावरून?"

"ती त्या तीन दिवसांत माझ्या ट्रॅक्टरवर होती. दार नसलेल्या. मी तिला बसवलं. तिचं नाव यादीत नव्हतं आणि मला ते माहीत होतं. रस मॅगॉवननं पाहिलंय, त्याला फोन करा. आणि त्या सोमवारी तुम्ही मला विचारलंत, ती काय करत होती. मी म्हणालो, घरी होती. ते खोटं होतं."

रोवीनानं चष्मा काढला. "मिस्टर बॅसेट, हे मी इथं लिहिलं की ते कंपनीपर्यंत जाऊ शकतं. तुमच्या परवान्याचं..."

"लिहा."

"बाबा," ब्रॉनी म्हणाली.

"लिहू दे त्यांना."

रोवीनानं रकाना उघडला. कारणांची यादी खाली घसरली. तिनं ती वाचून दाखवली. दारू. गोळ्या. टोचून घेतलेले पदार्थ. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा गैरवापर. "कामावर अंगात गेलेलं, असा पर्याय नाही," ती म्हणाली. "हे कुणाच्या मनातच आलं नसणार. शेवटी 'इतर' आहे. त्यात लिहिते. आधीचा 'हो' राहील. त्याच्याखाली ही ओळ येईल, माझ्या नावानं."

ती टाइप करत गेली आणि वाचत गेली. "आजोबांच्या म्हणण्यानुसार, आईला परवानाधारक शेतात..."

"म्हणण्यानुसार कशाला? मी पाठवलं. मी पाठवलं असं लिहा."

"मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला म्हणण्यानुसारच लिहावं लागतं."

"मग असं लिहा, की बॅसेट म्हणतो, मीच पाठवलं आणि माझीच चूक."

तिनं तसं लिहिलं. मग दोन्ही आकडे, तारखा, कॉलीनचं नाव. बटण दाबायच्या आधी तिनं विचारलं, "आणखी काही?"

मी नाही म्हणणार होतो.

"आहे," ब्रॉनी म्हणाली. "माझं आहे."

ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली होती. लहानपणी बसायची तशी.

"मागच्या एप्रिलात मी आईच्या बाटलीतलं मॉर्फिन घेतलं. चारदा. वरून पाणी भरलं. आईला त्या दिवसांत दुखत होतं ते त्यामुळे. हे कुठंच लिहिलेलं नाही."

रोवीनाची बोटं थांबली. "ब्रॉनी, हे तुला कुणी विचारलेलं नाही. पाच दिवसांनी तारीख आहे."

"माहीत आहे. पण आज तुम्ही माझं खरं लिहिताय ना, मग ते अर्धंच खरं होईल. आणि बाबा इथं बसून माझ्यासाठी शेत सोडतायत. त्यांना माहीत नाही मी काय केलंय ते."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली नाही.

"चमच्यातून सांडलं तेव्हा कळलं. चाखून बघितलं."

"एप्रिलात?"

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"तुझ्या आईला तू घरात हवी होतीस."

"तिला कळलं होतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. रोवीनानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि मग स्वतःच थोडं प्यायली.

"कसं लिहू?" तिनं ब्रॉनीला विचारलं.

"मी सांगते तसं."

ब्रॉनीनं सांगितलं, रोवीनानं लिहिलं. तारीख एप्रिलची. 'पिपच्या आईने स्वतः, कुणी न विचारता सांगितले.' तेवढीच एक ओळ तिनं आपल्या मनानं घातली. मग बटण दाबलं.

गाडीत बसल्यावर ब्रॉनीनं पट्टा लावला आणि म्हणाली, "तुम्ही मला ठेवायला नको होतं घरात."

"असेल. पण ठेवलं."

"राग येत नाही तुम्हाला?"

"येतो," मी म्हणालो. "रोज सकाळी येतो. मग गुरांना पाणी दाखवायची वेळ होते."

अर्ध्या रस्त्यात तिनं विचारलं की तिच्या आईला कोणतं सूप आवडायचं. मी सांगितलं. मग पुढचा अर्धा रस्ता आम्ही नोएलीनविषयीच बोललो. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

एकोणीस तारखेला न्यायाधीशबाईंनी सगळ्या नोंदी वाचल्या. एप्रिलची ओळ आली तेव्हा त्यांनी मान वर करून ब्रॉनीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आता का सांगितलंत?" ब्रॉनी उभी राहिली. म्हणाली, "पिप मोठी झाल्यावर हे सगळं वाचेल. तिला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको." न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शुक्रवारची नोंद त्यांनी नशा म्हणून धरली नाही. निकाल असा की येत्या शुक्रवारपासून पिप आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे, चाचण्या चालू, आणि हिवाळ्यात पुन्हा तारीख. तेव्हा सगळं ठीक असेल तर कायमची घरी.

लिंडन दुसऱ्याच दिवशी आला. फाटकावरची कवटीची पाटी त्यानं स्वतः उतरवली, स्क्रू खिशात घातले. तो वाईट माणूस नाही. "पाच वर्षं तरी नाही, क्लेम," तो म्हणाला. "त्यानंतर अर्ज कर."

"पाच वर्षांनी मी त्र्याहत्तरचा असेन."

"मग ब्रॉनीच्या नावानं कर," तो बोलून गेला, आणि स्वतःच खोकला.

रसला ताकीद मिळाली. तो ती फ्रिजवर चिकटवून सगळ्यांना दाखवतो. ओढ्याकाठच्या तुकड्यात आम्ही वाटाणा लावायचं ठरवलं. वाटाण्याला यादी लागत नाही. ब्रॉनीनं नांगरट सुरू केली आणि मी केबिनला दार बसवलं.

शुक्रवारी आम्ही पिपला आणायला गेलो. ती तासाभराच्या अंतरावर, खात्यानं ठरवून दिलेल्या ग्वेन नावाच्या बाईंकडे राहत होती. ग्वेनच्या घरची दोन मुलं मोठी होऊन गेली आहेत, घर नीटनेटकं, दारात फुलझाडं. रोवीना आधीच येऊन थांबली होती, संगणक गाडीच्या टपावर ठेवून. मुलगी कुणी, कुणाला, किती वाजता दिली तेही लिहायचं असतं.

पिप पायरीवर बसली होती. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. शेजारी तिच्याएवढी बॅग. झिप लागत नव्हती म्हणून दोरी बांधलेली.

"हे काय गं?" ब्रॉनी गुडघ्यांवर बसली. "तीन दिवसांचे कपडे सांगितले होते ना ग्वेनमावशीला?"

"मीच भरली," पिप म्हणाली.

ग्वेन दारातून म्हणाली, "मी दोनदा काढलं, तिनं दोनदा परत घातलं. लोकरी कोट घातलाय, रबरी बूट घातलेत. उन्हाळ्यात!"

"पिप, सोमवारी परत इथं यायचंय," ब्रॉनी म्हणाली. "मग पुढच्या शुक्रवारी परत घरी. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग एवढं सगळं कशाला?"

पिपनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रोवीनाकडे.

"न्यायचंय," ती म्हणाली. "परत येताना मी रिकामीच येईन."

ग्वेननं मान डोलावली आणि आत जाऊन पिपची उशीपण घेऊन आली.

मी बॅग उचलली. जड होती. गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवून दोरीनं बांधली. रोवीनानं घड्याळात पाहिलं आणि उभ्याउभ्याच टाइप केलं, दहा वाजून वीस मिनिटं, मूल आईकडे. ब्रॉनीनं मागचं दार उघडलं, पिपचा पट्टा लावला, ओढून पाहिला, परत एकदा ओढून पाहिला.

"लागलाय, आई," पिप म्हणाली. "चल आता."